भरल्या गव्हाणीपुढे वाळणारी घोडी: आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचं एक प्रकरण

रुग्ण: रेवा. थरोब्रेड घोडी, वय ९ वर्षं, रंग कुम्मैत. शर्यतींतून निवृत्त झाल्यापासून पुण्याच्या मांजरी गावाजवळच्या एका छोट्या रायडिंग स्कूलमध्ये, मुलांना रपेट शिकवायच्या कामावर. तक्रार: साधारण साडेतीन महिन्यांत उतरत गेलेलं वजन, भूक शाबूत, अधूनमधून हलका पोटशूळ आणि आता पोटाखाली सूज.

हे प्रकरण एवढ्या तपशिलात लिहायला कारण आहे. पुणे परिसरातल्या तबेल्यांत घोडं वाळायला लागलं की आधी जंताचं औषध दिलं जातं आणि मग खुराक वाढवला जातो. दोन्हींनी फरक पडला नाही तर पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि घोडं हळूहळू कामातून जातं. रेवाच्या बाबतीत हे दोन्ही उपाय करून झाले होते, तेही दोनदा.

"खाते तर चांगली," शाळा चालवणारे काका म्हणाले. "गव्हाण चाटूनपुसून साफ करते. मग जातं कुठे?"

अगदी योग्य प्रश्न. वाळणाऱ्या घोड्याचं सगळं निदान याच प्रश्नाभोवती फिरतं. जे घोडं खातच नाही त्याची चौकशी वेगळी आणि जे खाऊन वाळतं त्याची वेगळी. खाऊन वाळणाऱ्या घोड्याचा खुराक वाढवण्याआधी त्याच्या रक्तातली प्रथिनं, त्यातही अल्ब्युमिन, मोजून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ही तपासणी स्वस्त आहे, पुण्यात सहज होते, आणि तरीही ती सगळ्यांत शेवटी आठवते.

पहिली तपासणी

काकांपेक्षा जास्त माहिती मोतद्दार मामांकडे होती. रोज खरारा करणाऱ्या माणसाच्या हाताला जे कळतं ते मालकाच्या डोळ्याला कळत नाही. मामा म्हणाले, "मॅडम, तंग दोन भोकं आत घ्यावा लागतोय. बरगड्या दिसत्यात, आन् पोट मातूर खाली लोंबतंय. परवापासून तंग सोडला की त्याची खाच तशीच ऱ्हातीय."

तंगाची, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याची, ती खाच फार महत्त्वाची होती. दोन पुढच्या पायांच्या मधून बेंबीपर्यंत हात फिरवला तर कातडीखाली पीठ मळून ठेवल्यासारखा थर लागत होता. अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा पडला आणि तसाच राहिला, हळूहळू भरत आला. दुखत नव्हतं, गरमही लागत नव्हतं. म्हणजे ही मुकामाराची किंवा जखमेची सूज नव्हती. रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपून सगळ्यांत खालच्या जागी साठत होतं. अल्ब्युमिन हे प्रथिन पाण्याला रक्तात धरून ठेवतं. ते खूप कमी झालं की अशी सूज येते.

वजन फितीने काढलं. छातीचा घेर १७२ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी १६० सेंटिमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोमध्ये अंदाजे वजन मिळतं: इथे ३९८. शाळेच्या वहीत उन्हाळ्यातला घेर १८६ लिहिलेला होता, म्हणजे तेव्हाचं वजन ४६५ किलोच्या आसपास. एवढ्याशा शाळेने घोड्यांच्या मापांची वही ठेवली होती याचं मला फार कौतुक वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी "आधी चांगली होती" यापलीकडे काही मिळत नाही.

ताप नव्हता, ३८.१ अंश सेल्सिअस. नाडी मिनिटाला ४४, श्वास १४. हिरड्या किंचित फिकट. पाठीवरचे आणि पुठ्ठ्यावरचे स्नायू उतरलेले, केस निस्तेज. शरीरस्थितीच्या १ (अगदी हाडकुळं) ते ९ (अतिलठ्ठ) या हेनेके श्रेणीवर मी ३ गुण दिले. लीद मात्र व्यवस्थित बांधलेली होती, गोळे नेहमीच्या आकाराचे.

लिदीवरून बरेच जण फसतात. लीद चांगली म्हणजे आतडं चांगलं, असं धरून चालतात. घोड्याचं लहान आतडं साधारण २० ते २२ मीटर लांब असतं. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, साखर आणि पिष्ट यांचं पचन-शोषण तिथे होतं. तंतुमय चारा पुढे अंधनाल आणि मोठ्या आतड्यात आंबतो, आणि पाणीही मुख्यतः तिथेच शोषलं जातं. त्यामुळे आजार फक्त लहान आतड्यात असेल तर मोठं आतडं पाणी ओढून घेतं आणि लीद बांधलेलीच येते. मोठ्या घोड्याला सतत जुलाब होत असतील तर मोठ्या आतड्याकडे बोट जातं. जुलाब नसले म्हणून लहान आतड्याला निर्दोष ठरवता येत नाही.

आधी काय काय वगळलं

पावसाळा नुकताच संपलेला, तबेला मुळा-मुठेच्या काठाजवळ, शेजारी म्हशींचा गोठा. अशा ठिकाणी वाळलेलं, पोटाखाली सुजलेलं आणि तरी खाणारं घोडं दिसलं की आपल्याकडे सर्वांत आधी सर्रा डोक्यात यायला हवा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा परजीवी रक्तात राहतो आणि रक्त पिणाऱ्या टॅबॅनस जातीच्या मोठ्या माश्या तो पसरवतात. जनावरांमध्ये तो लक्षणांशिवायही राहू शकतो, म्हणून शेजारचा गोठा महत्त्वाचा. सर्रा झालेल्या घोड्याला ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, वजन उतरतं, पाय आणि पोट सुजतं, आणि भूक बऱ्याचदा टिकून असते. परदेशी पुस्तकांतल्या आतड्यांच्या आजारांच्या याद्यांमध्ये सर्रा क्वचितच भेटतो. पुण्यात काम करणाऱ्याने तो यादीच्या माथ्यावर लिहायचा.

रक्ताच्या काचपट्ट्या केल्या, सकाळ-संध्याकाळ तापाची नोंद ठेवायला सांगितली. काचपट्टीत परजीवी दिसला नाही. पण रक्तात त्याची संख्या कमी-जास्त होत असते, त्यामुळे एका पट्टीवर विसंबता येत नाही. रक्तजल हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवलं. सर्रा आणि थायलेरिया इक्वी हा रक्तातला दुसरा परजीवी, दोन्हींचा अहवाल नकारार्थी आला. अहवाल येईपर्यंत सर्रावरचं क्विनापायरॅमिन टोचून टाकण्याचा मोह मी टाळला. हे औषध घोड्याला सोसायला कठीण जातं, टोचल्या जागी सूज येते, लाळ गळते, पोटशूळही उठतो. आधीच पोट दुखणाऱ्या घोडीला अंदाजाने ते देणं मला पटत नव्हतं.

दातांचं काम लवकर उरकलं. थोड्या तीक्ष्ण कडा होत्या, त्या घासल्या. गव्हाणीखाली चघळून टाकलेले चाऱ्याचे बोळे नव्हते, म्हणजे चावण्यात अडचण नव्हती. लीद पाण्यात कालवून वाळू बसते का पाहिलं, बसली नाही.

वेदनाशामकांबद्दल मी मुद्दाम दोघांना वेगवेगळं विचारलं. फेनिलब्युटाझोन बरेच दिवस दिलं गेलं तर मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागाला जखमा होतात आणि तिथूनही प्रथिनं गळतात. चित्र पुष्कळसं असंच दिसतं. काकांनी आणि मामांनी एकच सांगितलं: पोटशूळाच्या वेळी फ्लुनिक्सिन, तेही मोजकंच. औषधांची पेटी उघडून बघितली, त्यातही तसंच दिसलं.

जंतांबद्दल जरा जास्त लिहायला हवं. लिदीत प्रति ग्रॅम ५० अंडी मिळाली, म्हणजे नगण्य. आयव्हरमेक्टिन देऊन तीन महिने झाले होते. तरी यावरून जंत नाहीत असं म्हणता येत नाही. घोड्यातल्या लहान गोलकृमींच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात कोष करून महिनोन्‌महिने बसतात. त्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे लिदीच्या तपासणीत दिसत नाहीत, आणि आयव्हरमेक्टिनचा कोषातल्या अळ्यांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून आधी दिलेलं जंताचं औषध आणि मी पुढे दिलेलं यांत फरक होता. फेनबेंडाझोल किलोमागे १० मिलिग्रॅम, सलग ५ दिवस, कोषातल्या अळ्यांवरचा हा क्रम आहे. मॉक्सिडेक्टिनही चालतं, पण ते चरबीत साठतं. हाडं दिसणाऱ्या घोड्याला ते देताना माझा हात आखडतो.

रक्त, सोनोग्राफी आणि साखरेची चाचणी

रक्ताच्या अहवालात एकूण प्रथिनं डेसिलिटरला ४.४ ग्रॅम आणि अल्ब्युमिन १.५. निरोगी घोड्यात अल्ब्युमिन साधारण २.६ ते ३.७ असतं. ग्लोब्युलिन, म्हणजे उरलेली प्रथिनं, २.९, पांढऱ्या पेशी आणि दाहात वाढणारं फायब्रिनोजेन मर्यादेत, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) २९ टक्के. कॅल्शियमही कमी दाखवलं होतं. काका त्याने घाबरले आणि कॅल्शियमच्या पावडरी शोधायला लागले, त्यांना थांबवलं. रक्तातलं जवळपास अर्धं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, ते कमी झालं की एकूण आकडा आपोआप खाली येतो.

अल्ब्युमिन इतकं कमी का? एक तर यकृत ते बनवत नाही, किंवा ते कुठून तरी गळतंय. यकृताची विकरं आणि पित्ताम्लं ठीक होती. लघवीत प्रथिन नव्हतं, म्हणजे मूत्रपिंडं सुटली. छातीत-पोटात पाणी साठलेलं नव्हतं. राहिलं आतडं. काकांच्या "जातं कुठे?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं: खाल्लेलं पुरतं अंगी लागत नव्हतं, आणि अंगातलं आतड्यात गळून जात होतं.

सोनोग्राफीत हे डोळ्यांनी दिसलं. निरोगी घोड्यात लहान आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. रेवाच्या ग्रहणीची, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची, भिंत ५.५ आणि पुढच्या वेटोळ्यांची ५ ते ६ भरली. उजवं वरचं मोठं आतडं ३.५, म्हणजे फेनिलब्युटाझोनचा संशय आणखी मागे पडला. पडद्यावर एकेक वेटोळं जाड कडीसारखं दिसत होतं. मामा शेजारी उभे होते. त्यांना शेजारच्या खणातल्या निरोगी घोड्याचं आतडं दाखवलं, मग पुन्हा रेवाचं. नंतर कित्येक महिने औषधं वेळेवर द्यायची होती ती मामांनाच. कशासाठी देतोय हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असणं मला गरजेचं वाटलं.

मग साखर शोषणाची चाचणी. हिला यंत्र लागत नाही, आणि आपल्याकडे ती करायला हवी तितकी होत नाही. रात्रभर उपाशी ठेवायचं, तोंडाला जाळी बांधायची म्हणजे घोडं अंथरलेलं गवत खाणार नाही. सकाळी नाकातून जठरात नळी घालून किलोमागे १ ग्रॅम ग्लुकोज २० टक्के द्रावणात द्यायचं. रेवासाठी ४०० ग्रॅम ग्लुकोज, एकूण २ लिटर द्रावण. ग्लुकोज आणखी पचावं लागत नाही, लहान आतड्याने ते फक्त उचलायचं असतं. दर अर्ध्या तासाने रक्त घेऊन किती साखर चढते ते बघायचं. निरोगी घोड्यात दोन तासांत ती सुरुवातीच्या पातळीपेक्षा ८५ टक्क्यांहून जास्त वाढते. १५ टक्क्यांच्या आत राहिली तर शोषण जवळपास बंद आहे असं समजायचं आणि मधलं काही आलं तर अर्धवट बिघाड.

रेवाची उपाशीपोटीची साखर डेसिलिटरला ८८ मिलिग्रॅम होती. अर्ध्या तासाने ९६, एका तासाने १०८, दीड तासाने ११६, दोन तासांनी १२१, आणि मग उतरायला लागली. दोन तासांत वाढ साधारण ३८ टक्के. निरोगी घोडीत ती १६० च्या वर गेली असती. नमुने फ्लुओराइडच्या नळीतच घ्यावेत, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पेशी साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा पडतो. जठर उशिरा रिकामं झालं तरी आलेख सपाट येतो, म्हणून ही चाचणी एकटी वाचायची नाही. इथे ती जाड भिंत आणि १.५ अल्ब्युमिन यांच्या जोडीला होती.

तुकडा घेण्याआधी स्टेरॉइड नको

या टप्प्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचून बघू, असं म्हणणारे भेटतात. गुण आला तर निदान बरोबर! मी याच्या विरुद्ध आहे. स्टेरॉइडने दाह दबतो, पेशींचं चित्र बदलतं, आणि नंतर तपासणीसाठी घेतलेला आतड्याचा तुकडा (बायॉप्सी) काहीच नीट सांगत नाही. शिवाय लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा कर्करोगही सुरुवातीला स्टेरॉइडला थोडा प्रतिसाद देतो. त्या फसव्या सुधारणेत महिने निघून जातात.

३ मीटर लांबीच्या एंडोस्कोपने जठर पाहिलं. ग्रंथिविरहित भागाच्या कडेला दोन-चार उथळ व्रण होते. त्यांच्यासाठी ओमेप्रॅझोल दिलं, पण एवढ्या व्रणांनी अल्ब्युमिन अर्ध्यावर येत नाही. तसंच पुढे जाऊन ग्रहणीतून चिमटीएवढे तुकडे घेतले, आणि गुदाशयाच्या अस्तराचेही घेतले. गुदाशयाचा तुकडा सोपा, पण आजार लहान आतड्यात असताना तो बऱ्याचदा गुळमुळीत उत्तर देतो. थोडासा दाह निरोगी घोड्यांतही दिसतो.

ग्रहणीच्या तुकड्यांत अस्तराच्या बारीक केसाळ घड्या बोथट झालेल्या होत्या आणि खालच्या थरात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या दाहाच्या पेशी दाटलेल्या होत्या. इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तुरळक. गाठाळ दाह नव्हता. लिम्फोसाइट-प्लाझ्मा पेशींचा आंत्रदाह, असा अभिप्राय आला.

आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह) या नावाखाली घोड्यांत चार-पाच वेगळे आजार मोडतात. कुठल्या पेशी दाटल्या आहेत यावरून ते वेगळे ओळखायचे. गाठाळ प्रकारात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींच्या बारीक गाठी, दिसतात. इओसिनोफिलच्या एका प्रकारात आतड्याबरोबर त्वचा, यकृत आणि स्वादुपिंडही सापडतं, खुराच्या वरच्या कडेला खपल्या धरतात, आणि त्याचं भवितव्य वाईट असतं. म्हणून रेवाचे चारही खूर आणि त्यांच्या कडा मी नीट तपासल्या होत्या. त्या स्वच्छ होत्या.

लिम्फोमा पूर्णपणे वगळता आला का? नाही, आणि हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. एंडोस्कोपने फक्त वरचं अस्तर मिळतं, तेही आतड्याच्या पहिल्या हातभर भागातलं. खात्री हवी तर कुशीत छेद घेऊन आतड्याच्या पूर्ण जाडीचा तुकडा काढावा लागतो. पण अल्ब्युमिन १.५ असताना टाके भरून येतील याचा भरवसा नसतो. आतड्यावरचा एक टाका सुटला तर सगळंच संपतं. काकांनी विचारलं, "तुमची स्वतःची असती तर?" मी म्हटलं, नसता घेतला. आधी उपचार, अल्ब्युमिन वर आलं आणि तरी शंका राहिली तर तेव्हा बघू.

उपचार

फेनबेंडाझोलचे ५ दिवस झाल्यावर डेक्सामेथासोन सुरू केलं, किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज सकाळी २० मिलिग्रॅम स्नायूत. सुरुवातीला सुईच, कारण जे आतडं साखर उचलत नाही ते गोळी उचलेल असं धरून चालता येत नाही. दोन आठवड्यांनी सूज गेल्यावर तोंडावाटे प्रेडनिसोलोन, किलोमागे १ मिलिग्रॅम: सकाळी ४० च्या १० गोळ्या कुटून, थोड्या तेलात कालवून. इथे एक सावधगिरी. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही नावं सारखी दिसतात, पण घोड्यात प्रेडनिसोन तोंडावाटे दिलं तर त्याचा जवळपास काही उपयोग होत नाही. औषध आणायला जो जाईल त्याच्या हातात नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं.

स्टेरॉइडची सगळ्यांत मोठी भीती लॅमिनायटिसची, खुराच्या आतल्या थराच्या दाहाची. मामांना घोट्यामागची नाडी बोटाने धरायला शिकवली. रोज सकाळी चारही पायांची नाडी आणि खुरांची ऊब बघायची, नाडी ठणकताना लागली तर गोळी न देता फोन करायचा. त्यांनी वहीत रोजची खूण केली, एकही दिवस न चुकवता.

आता खुराक. माझ्या मते निम्मा उपचार इथे होता. वाळतेय म्हणून रेवाला रोज ४ किलो भरडलेले ओट्स, २ किलो भिजवलेला हरभरा, दीड किलो गहू चापड आणि गूळ, एवढं दोन वेळांत विभागून चाललं होतं. सोबत उसाचं वाढं. प्रेमापोटीच, पण बिघडलेल्या लहान आतड्याला एवढं पिष्ट पेलत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथे झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, पोटशूळ आणि लॅमिनायटिस दोन्हींचा धोका वाढतो. आणि इथे तर स्टेरॉइडही चालू होणार होतं.

तत्त्व साधं होतं: लहान आतड्याचं काम कमी करायचं आणि शाबूत असलेल्या मोठ्या आतड्याकडून जास्त काम करून घ्यायचं. चापड, हरभरा, गूळ आणि वाढं बंद. कोवळा लसूण घास आणि मऊ मारवेल गवत, दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं. ओट्स आठवडाभरात १ किलोपर्यंत खाली. उष्मांकासाठी सोयाबीन तेल, सुरुवात ५० मिलिलिटरने, तीन आठवड्यांत वाढवत ४०० पर्यंत, सोबत ई जीवनसत्त्व आणि ३० ग्रॅम मीठ. तेल एकदम वाढवलं तर लीद सैल होते, म्हणून घाई नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा काही संबंध आहे का, असं काकांनी वाचून विचारलं होतं. माणसांच्या सिलिअॅक आजारासारखं (त्यात गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं) घोड्यातही असू शकतं असं सुचवणारी मोजकी निरीक्षणं आहेत, पुरावा तोकडा आहे. चापड मी त्यासाठी बंद केलं नव्हतं, पण बंद करून नुकसान काहीच नव्हतं. काही घोड्यांत खाण्यातल्या एखाद्या पदार्थाला आतडं चिडतं, हे मात्र खरं, म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा, हा नियम घालून दिला.

पुढचे महिने

पोटाखालची सूज दुसऱ्या आठवड्यात उतरली. काकांना वाटलं, आता अल्ब्युमिन भरून आलं असेल. आलं नव्हतं, १.८ होतं. घोड्यात अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे १९ दिवस असतं, गळती थांबली तरी पातळी सावकाश वर येते. दर चार दिवसांनी रक्त तपासून जिवाला घोर लावून घेण्यात अर्थ नसतो. चौथ्या आठवड्यात २.१, आठव्या आठवड्यात २.६. साखरेची चाचणी तेव्हा परत केली: ८६ वरून दोन तासांत १४८, म्हणजे ७२ टक्के वाढ. पूर्ण नाही, पण आधीच्या ३८ च्या जवळपास दुप्पट. ग्रहणीची भिंत ४ मिलिमीटरवर आली. लिम्फोमाची शंका इथे कमी झाली, संपली नाही.

स्टेरॉइडचा डोस चार आठवड्यांनंतर दर पंधरवड्याला थोडा थोडा उतरवत एक दिवसाआड आणला. पाचव्या महिन्यात घेर १८१ भरला, वजन सुमारे ४४०. हलकी रपेट सुरू झाली, आधी हाताने चालवून, मग वजनाने हलक्या मुलांना बसवून.

सातव्या महिन्यात पुन्हा घसरण झाली. दोनदा हलका पोटशूळ, अल्ब्युमिन २.६ वरून २.१. वही बघितली तर दोन गोष्टी एकाच वेळी झालेल्या: गोळी एक दिवसाआड १०० मिलिग्रॅमपर्यंत उतरली होती, आणि मामा गावी गेले असताना बदली माणसाने दहा-बारा दिवस चापड घातलं होतं. दोन्हींपैकी कशामुळे झालं हे या घटनेवरून सांगता येणार नाही. चापड बंद केलं, गोळी काही दिवस रोज ३०० वर नेली आणि पुन्हा उतरवत एक दिवसाआड २०० वर थांबवली. सहा आठवड्यांत अल्ब्युमिन २.५. गव्हाणीवर आता मोठ्या अक्षरांत पाटी आहे: चापड नाही, हरभरा नाही, गूळ नाही.

या आजाराबद्दल जुन्या पुस्तकांतला सूर फार निराश आहे, निदान झालं की घोडं गेलंच असा. त्यातली बरीच प्रकरणं शवविच्छेदनात निदान झालेली, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली होती. अलीकडे जिवंतपणी, लवकर ओळखून, जंतांच्या कोषांवरचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र दिलेल्या घोड्यांत निम्म्याहून जास्त घोडी सुधारताना दिसतात. पहिल्या एक-दोन महिन्यांत प्रतिसाद मिळाला तर पुढचं चित्र बरं असतं. साखरेचं शोषण जवळपास शून्यावर आलेल्या घोड्याबद्दल मात्र मी अशी आशा दाखवणार नाही.

रेवाचं पुढचं आम्ही ठरवून, वहीत लिहून ठेवलंय. दर तीन महिन्यांनी प्रथिनं आणि यकृताची विकरं, वर्षातून दोनदा सोनोग्राफी, पावसाळ्यानंतर सर्राची तपासणी. उडीचं काम नाही. थंडीत गोळी आणखी उतरवायचा एक प्रयत्न, चारा न बदलता. अल्ब्युमिन लागोपाठ दोनदा १.८ च्या खाली आलं, तेही पूर्ण डोस चालू असताना, तर पुन्हा एंडोस्कोपी करून नवे तुकडे. त्यात लिम्फोमा दिसला, किंवा वेदना औषधांनी आवरेनाशा झाल्या, तर तिला ताटकळत ठेवायचं नाही. तेव्हा काका, मामा आणि मी बसून निर्णय घेऊ, आणि मामांचं मत त्यात पहिलं विचारलं जाईल.